श्रीकृष्ण आयोग: न सोडवता बंद केलेलं तिकीट

आमच्या धंद्यात एखादा बग बंद करायचे निदान पाच-सहा मार्ग आहेत, आणि गंमत म्हणजे त्यातल्या एकाच मार्गात बग खरोखर दुरुस्त होतो. बाकी सगळे नुसते स्टेटस बदलायचे उद्योग. 'कॅनॉट रिप्रोड्यूस' म्हणजे आमच्या मशीनवर दिसत नाही बुवा. 'डिफर्ड' म्हणजे पुढच्या रिलीजला बघू. 'वोन्ट फिक्स' म्हणजे दिसतंय, मान्य आहे, पण करणार नाही. महिनाअखेरीला मॅनेजरच्या स्लाइडवर मात्र सगळ्यांचा रंग एकच, हिरवा.

हे आठवायचं कारण म्हणजे गेले तीन वीकेंड मी एक जुना रिपोर्ट वाचतोय. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाचा, १९९२-९३ च्या मुंबईतल्या दंगलींवरचा. तुम्ही आयटीत असाल तर श्रीकृष्ण हे नाव तुम्ही वेगळ्याच कारणासाठी ऐकलं असेल. २०१७ मध्ये सरकारने डेटा प्रोटेक्शनसाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष हेच. समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला. आमच्या ऑफिसच्या प्रायव्हसी ट्रेनिंगमध्ये 'श्रीकृष्ण समिती' अशी एक स्लाइड होती. ट्रेनिंग नेहमीप्रमाणे कंटाळवाणं, म्हणून बसल्या बसल्या हे गृहस्थ कोण ते शोधलं. तेव्हा कळलं की त्यांचा दुसरा एक अहवाल आहे, वीस वर्षांपूर्वीचा, आणि तो माझ्या शहराबद्दल आहे.

माझा जन्म दंगलीनंतरचा. आमच्या पिढीला 'ब्याण्णव-त्र्याण्णव' हा शब्द कानावर पडून माहीत आहे. घरात कोणीतरी तो उच्चारतं, मग दुसरं कोणीतरी 'जाऊ दे ना आता' म्हणतं. त्यामुळे आधी थोडक्यात काय घडलं ते लिहितो. ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. त्याच रात्री मुंबईत दंगल पेटली. आयोगाने तिचे दोन टप्पे मानले: ६ ते १० डिसेंबर १९९२ आणि ६ ते २० जानेवारी १९९३. मधल्या काळात, २६ डिसेंबरपासून, शहरात महाआरत्या सुरू झाल्या होत्या. मुख्यमंत्री होते काँग्रेसचे सुधाकरराव नाईक. २५ जानेवारी १९९३ ला सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांचा चौकशी आयोग नेमला. १२ मार्चला शहरात बाराएक ठिकाणी बॉम्बस्फोट झाले, त्यात २५७ लोक मेले. दोन वर्षांनी, मार्च १९९५ मध्ये, राज्यात शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं. मनोहर जोशी मुख्यमंत्री, गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री. म्हणजे ज्या पक्षाच्या वागण्याची चौकशी आयोगासमोर चालू होती, तोच पक्ष आता आयोगाला खोली, टायपिस्ट आणि पगार देणारा झाला.

इथून पुढे मला खरा रस आहे.

'अति-उजवे' हा शब्द हल्ली कोणीही कोणाहीबद्दल वापरतं, म्हणून मी कशाच्या आधारावर वापरतोय ते सांगतो. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीत धर्माच्या नावावर मतं मागितल्याचा ठपका बाळासाहेब ठाकरे यांच्यावर सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ ला कायम ठेवला आणि पुढे त्यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. त्याच दिवशी त्याच न्यायालयाने मनोहर जोशींची आमदारकी मात्र वाचवली. महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य स्थापन होईल असं जोशी प्रचारसभेत बोलले होते, ती न्यायालयाच्या मते फार तर एक आशा होती. ठाकरे स्वतः कधी निवडणूक लढले नाहीत, कधी मंत्री झाले नाहीत. 'रिमोट कंट्रोल माझ्या हातात आहे' असं ते उघडपणे म्हणत. म्हणजे ज्याला मतदानाचा हक्क नाही त्याच्या हातात सरकारचा रिमोट. कुठल्याही सिस्टिम डिझाइनच्या पेपरात हे उत्तर लिहिलं असतं तर शून्य मार्क मिळाले असते!

आता आपण सिनेमात बघतो तसं असतं, तर अशा सरकारने काय केलं असतं? कागद जाळले असते, न्यायमूर्तींना धमकावलं असतं, वगैरे. प्रत्यक्षात असं काहीच झालं नाही. जे झालं ते अगदी कारकुनी पद्धतीने झालं. २३ जानेवारी १९९६ ला सरकारने आयोगच बरखास्त केला. (तारीख ओळखीची वाटली का? बाळासाहेबांचा वाढदिवस.) कारण काय, तर फार उशीर होतोय आणि आता जुन्या जखमा कशाला उकरायच्या. तोपर्यंत तीन वर्षं साक्षी चालू होत्या. बरीच ओरड झाली. मे १९९६ मध्ये अटलबिहारी वाजपेयी तेरा दिवसांसाठी पंतप्रधान झाले, त्यांनी सल्ला दिला, आणि २८ मे १९९६ ला आयोग पुन्हा सुरू झाला. मात्र आता त्याच्या कामात मार्चचे बॉम्बस्फोटही जोडले गेले.

आमच्याकडे याला स्कोप चेंज म्हणतात. एखादं तिकीट बंद करता येत नसेल तर त्यात इतकं भरा की मूळ मुद्दा कुठे होता तेच सापडू नये. पण इथे न्यायमूर्तींनी उलटच केलं. दंगलीचा आणि स्फोटांचा संबंध काय, याचंही उत्तर त्यांनी लिहून टाकलं: डिसेंबर-जानेवारीच्या दंगली हे स्फोटांमागचं एक कारण होतं. स्कोप वाढवणाऱ्यांना हे उत्तर हवं होतं का, तुम्हीच ठरवा.

अहवाल १६ फेब्रुवारी १९९८ ला सरकारच्या हाती पडला. चौकशी आयोगाच्या कायद्यानुसार अहवाल, त्यावर काय कारवाई केली याच्या निवेदनासकट, सहा महिन्यांत सभागृहात ठेवावा लागतो. तो ठेवला गेला ६ ऑगस्टला. मुदत संपायला दहा दिवस बाकी असताना. (डेडलाइनच्या बाबतीत सरकार आणि आम्ही अगदी सख्खे भाऊ.) आणि सोबतच्या निवेदनात सरकारने मुख्य निष्कर्ष फेटाळले. अहवाल एकतर्फी आहे, हिंदुविरोधी आहे, असं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. चौकशी आयोगाचे निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतात, त्यामुळे विषय संपला. वोन्ट फिक्स.

'एकतर्फी' हा शब्द आमच्या घरातही आहे. बाबा त्या वेळी परळला चाळीत राहायचे, नवी नोकरी, लग्न ठरायचं होतं. जानेवारीत चाळीतल्या मुलांबरोबर त्यांनी रात्रीची गस्त घातली आहे. समुद्रातून बोटी भरून हत्यारं येणार अशी अफवा होती, आणि दादर चौपाटीवर लोक गाड्यांचे हेडलाइट समुद्राकडे लावून उभे होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. बोट काही आली नाही. मी रिपोर्ट वाचतोय म्हटल्यावर ते म्हणाले,

"अरे, तो एकतर्फी आहे. त्यात आपल्या लोकांचं काही नाही."

"बाबा, तुम्ही वाचलाय का?"

"वाचायला कशाला हवा? आम्ही तिथे होतो."

मला बाबांचं हे उत्तर हसण्यावारी नेता येत नाही. ते खरंच तिथे होते. पण ते परळला होते. डोंगरी, जोगेश्वरी, बेहरामपाडा, धारावी, महंमद अली रोड या सगळीकडे एकाच वेळी कोणीच नव्हतं, आणि म्हणूनच आयोग नेमावा लागतो. एका सर्व्हरचा लॉग कितीही खरा असला तरी तो एकाच सर्व्हरचा असतो. आयोगाकडे २,१२६ प्रतिज्ञापत्रं आली, ५०२ साक्षीदार तपासले गेले. अहवालाचा दुसरा खंड तर पोलीस ठाण्यांनुसार लिहिलेला आहे: या ठाण्याच्या हद्दीत, या तारखेला, असं असं झालं. वाचायला रूक्ष आहे. पण मला लॉग वाचायची सवय आहे, मला तो पहिल्या खंडापेक्षा जास्त आवडला.

आणि त्यात 'आपले लोक' आहेत. डिसेंबरमध्ये मुस्लिम जमाव रस्त्यावर उतरले आणि हिंसक झाले, हे त्यात लिहिलंय. (मशीद पडल्याचा आनंद साजरा करायला धारावीत निघालेली सायकल फेरीही लिहिली आहे.) जानेवारीच्या सुरुवातीला डोंगरी भागात माथाडी कामगारांना भोसकून मारलं, ते लिहिलंय. जोगेश्वरीत राधाबाई चाळीतल्या घराला बाहेरून कडी घालून आग लावली आणि एक पुरुष आणि पाच बायका जळून मेल्या, सगळे हिंदू, हे त्यात लिहिलंय. त्याचबरोबर हेही लिहिलंय की ८ जानेवारीपासून शिवसेना आणि शिवसैनिकांनी मुसलमानांवरचे हल्ले संघटितपणे केले, आणि शाखाप्रमुखापासून थेट ठाकऱ्यांपर्यंत नेत्यांची जबाबदारी त्यात ठेवली आहे. ३१ पोलिसांची नावं आहेत. वेळेवर निर्णय न घेतल्याबद्दल सुधाकररावांच्या काँग्रेस सरकारलाही सोडलेलं नाही.

मी बाबांना राधाबाई चाळीचा भाग वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे आहे होय त्यात?"

मला वाटतं सगळ्या प्रकरणाची गोम इथे आहे. अहवाल हिंदुविरोधी म्हणून कपाटात टाकला तेव्हा त्याच्याबरोबर राधाबाई चाळीतली ती सहा माणसंही कपाटात गेली. त्यांचं मरण भाषणात वापरायला चालतं, कारण भाषणात त्याच्या आधीचं पान आणि नंतरचं पान दाखवावं लागत नाही. अहवालात दाखवावं लागतं. एका बाजूचे मृत मोजायचे आणि दुसऱ्या बाजूचे मृत म्हणजे 'प्रतिक्रिया', हा हिशेब दोन्हीकडे चालतो. ज्यांच्यासाठी दंगल ८ जानेवारीला सुरू होते तेही अर्धंच सांगतात. सगळं एका कागदावर आलं की त्यांची अडचण होते. सत्तेत बसलेल्याची सगळ्यात जास्त होते, कारण कागद त्याच्याच टेबलावर असतो.

आता आकडे. आम्हा इंजिनिअर लोकांना टेबल दिसलं की पहिली बेरीज करायची खोड असते. आयोगाप्रमाणे दोन्ही टप्प्यांत मिळून ९०० माणसं मेली. ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ५ इतर, आणि ४५ जणांची ओळखच पटली नाही. कशाने मेली? पोलिसांच्या गोळीबारात ३५६, भोसकून ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या मारहाणीत ८०, खासगी गोळीबारात २२, इतर कारणांनी ४. बेरीज केली, बरोबर ९०० येते. जखमी २,०३६.

पहिला आकडा परत बघा. आपण याला 'हिंदू-मुस्लिम दंगल' म्हणतो, पण मृत्यूचं सगळ्यात मोठं एकच कारण आहे पोलिसांची गोळी. दर पाच मृत्यूंमधले जवळजवळ दोन. आणि त्या वेळी पोलीस ना शिवसेनेच्या ताब्यात होते ना भाजपच्या. म्हणून 'अति-उजवे सत्तेत आले आणि बिघडलं' एवढी सोपी गोष्ट ही नाही. ते सत्तेत यायच्या आधीच बरंच बिघडलेलं होतं. सत्तेत आल्यावर त्यांनी त्याची नोंद खोडायचा प्रयत्न केला. आणि नंतर आलेल्यांनी?

हा भाग वाचताना मला जास्त राग आला. १९९९ मध्ये काँग्रेस आणि राष्ट्रवादी सत्तेत आले, आम्ही श्रीकृष्ण अहवाल राबवू असं सांगून आले. सलग पंधरा वर्षं राहिले. २५ जुलै २००० ला 'सामना'तल्या दंगलकाळातल्या लिखाणाबद्दल बाळासाहेबांना अटक झाली. गृहमंत्री छगन भुजबळ, जे १९९१ पर्यंत स्वतः शिवसेनेत होते. शहर बंद पडलं, टीव्हीवर दिवसभर तेच. न्यायालयाने सांगितलं की या गुन्ह्याची तक्रार तीन वर्षांत दाखल करायला हवी होती, मुदत टळली आहे. काही तासांत सुटका. आमच्या भाषेत, रिक्वेस्ट टाइम्ड आउट. गृहखात्याच्या वकिलांना हे आधी माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

बाकीच्या गुन्ह्यांचं काय झालं? तेराशेहून जास्त प्रकरणं 'ए समरी' म्हणून बंद झाली. पोलिसी भाषेत ए समरी म्हणजे गुन्हा घडला हे खरं, पण आरोपी सापडत नाही. कॅनॉट रिप्रोड्यूस. मोठ्या नेत्यांपैकी शिक्षा झाली ती मधुकर सरपोतदारांना, जुलै २००८ मध्ये, चिथावणीखोर भाषणासाठी एक वर्ष. दंगलीत ते आमदार होते, त्यांच्या गाडीत लष्कराला हत्यारं सापडली होती. त्यानंतर मतदारांनी त्यांना लोकसभेवरही पाठवलं. २०१० मध्ये ते गेले.

त्याच शहरातल्या १२ मार्चच्या स्फोटांसाठी मात्र विशेष न्यायालय बसलं, सीबीआयने तपास केला, १०० जण दोषी ठरले आणि २०१५ मध्ये याकूब मेमनला फाशी झाली. स्फोटांच्या गुन्हेगारांना शिक्षा व्हायलाच हवी होती, त्याबद्दल दुमत नाही. पण यावरून एक गोष्ट सिद्ध होते: आपल्या यंत्रणेला तपास करता येत नाही असं नाही. करायचं ठरवलं तर येतो. दोन तिकिटं, एकच टीम, प्रायॉरिटी वेगळी.

इतिहासाला थोडा रंग द्यायचा मोह फक्त एकाच बाजूला होतो असंही नाही. स्फोटांच्या दिवशी मुख्यमंत्री शरद पवार होते. त्यांनी टीव्हीवर एक स्फोट जास्त सांगितला, मशीद बंदर भागातला, जो झालाच नव्हता. पुन्हा दंगल पेटू नये म्हणून मुद्दाम सांगितलं, हे त्यांनी नंतर जाहीरपणे कबूल केलंय. हेतू चांगला होता आणि कदाचित त्या रात्री त्याने जीव वाचलेही असतील. फरक इतकाच की त्यांनी पुढे खरं काय ते सांगितलं, म्हणून आज आपल्याला ते माहीत आहे.

२०१९ मध्ये तर अहवाल राबवू म्हणणारे दोन पक्ष आणि अहवालात नाव असलेला पक्ष एकाच मंत्रिमंडळात बसले. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले, आणि कोविडच्या काळात त्यांच्या कारभाराचं कौतुक करणाऱ्यांत माझे पुरोगामी मित्रही होते. बदलू नये माणसाने असं माझं म्हणणं नाही, पक्षानेही जरूर बदलावं. पण बदलताना कोणी तो अहवाल उघडून 'हे आमच्याकडून झालं' असं म्हटल्याचं मला सापडलं नाही. कोणी मागितलंही नाही. आणि आता नव्याने शब्द बदलायचं कामही चालू आहे. २०२४ मध्ये एनसीईआरटीच्या बारावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातून 'बाबरी मशीद' हे नावच गेलं, तिथे 'तीन घुमट असलेली वास्तू' आली. म्हणजे यापुढच्या मुलांना दंगल का झाली ते सांगायचं तर आधी वास्तू कुठली ते समजवावं लागणार.

यावर हमखास येणारा प्रश्न: तीस वर्षं झाली, आता काय त्याचं? स्लॅक उघडा, काम करा, ईएमआय भरा. मलाही हे पटलं असतं, पण गेल्या वर्षी टीममधला एक मित्र भाड्याने घर शोधत होता. माझ्यापेक्षा चांगला कोड लिहितो, पगारही माझ्यापेक्षा जास्त आहे. ब्रोकरशी फोनवर सगळं ठरायचं, डिपॉझिट, पार्किंग, पाण्याची वेळ. मग ब्रोकर विचारायचा, "पार्टीचं नाव काय?" नाव सांगितलं की, "ओनरशी बोलून कळवतो हां सर." कळवायचा कोणीच नाही. चौथ्या-पाचव्या वेळी तो मला म्हणाला, "पुढचा फोन तू कर यार, तुझं आडनाव सगळीकडे चालतं." चिडून नाही, हसत म्हणाला. ते जास्त लागलं. मी फोन केला. पहिल्याच दिवशी तीन फ्लॅट दाखवायला तयार! भाडेकरू कोण ते सांगितल्यावर तिन्ही 'आत्ताच गेले'.

शेवटी त्याने मुंब्र्याला घर घेतलं. तिथून ऐरोलीला येतो. मुंब्रा एवढं मोठं झालं ते याच दंगलीनंतर, मुंबईतल्या मिश्र वस्त्यांमधून हजारो मुसलमान कुटुंबं तिकडे गेली तेव्हापासून. माझ्या मित्राचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. त्याच्या ऑफिसला यायच्या रस्त्यावर १९९३ अजून आहे. जखमा उकरू नका म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा घर मिळालेलं असतं.

हे सगळं निराश करणारं आहे, पण पूर्ण नाही. २००१ मध्ये दाखल झालेल्या एका याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ ला निकाल दिला. हो, एकवीस वर्षांनी. न्यायालयाने म्हटलं की लोकांचं संरक्षण करण्यात राज्य कमी पडलं. १६८ बेपत्ता लोकांपैकी १०८ जणांच्या कुटुंबांना भरपाई पोचलीच नव्हती, त्यांना शोधा असं सांगितलं. ९७ खटले 'डॉर्मंट', म्हणजे झोपवून ठेवलेल्या फाइलींमध्ये पडून होते, त्यातले आरोपी शोधा असं सांगितलं. आणि या सगळ्यासाठी कागद कुठून आला? ९०० मृतांचा आकडा, ठाण्यांची नावं, पोलिसांची नावं? त्याच अहवालातून, जो एका सरकारने बरखास्त केला, दुसऱ्यांदा फेटाळला आणि पुढच्या सरकारांनी कपाटात ठेवला. १९९६ मध्ये ती चार महिन्यांची बरखास्ती कायम झाली असती तर २०२२ मध्ये न्यायालयासमोर काय असतं? परळची गस्त, मुंब्र्याच्या आठवणी, आणि 'आम्ही तिथे होतो'.

म्हणून मला असं वाटायला लागलंय की कडवी माणसं सरकारात आली की आपण त्यांच्या भाषणांकडे जरा कमी आणि त्यांच्या जीआरकडे जरा जास्त बघायला हवं. भाषण सगळ्यांना ऐकू येतं, त्यावर चॅनलवाले रात्रभर भांडतात. पण कुठला आयोग गुंडाळला, कुठल्या खटल्यात अपील केलं नाही, कुठल्या पुस्तकातला कुठला शब्द गेला, हे आतल्या पानावर चार ओळीत येतं. आणि ते सरकार गेल्यावर नवीन सरकार त्या चार ओळी मागे घेतं का, हे बघायला तर कोणीच थांबत नाही. आपण चांगले लोक निवडून आणले म्हणून खूश असतो.

मी बाबांना अहवालाची पीडीएफ प्रिंट काढून दिली आहे, ऑफिसच्या प्रिंटरवर नाही, बाहेरून पैसे देऊन. ते रोज दोन-चार पानं वाचतात आणि मार्जिनमध्ये पेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढतात. काही निष्कर्ष त्यांना अजिबात मान्य नाहीत. दोन ठिकाणी त्यांचा मुद्दा मला बरोबरही वाटला. काल जेवताना आमचं महाआरतीवरून कडाक्याचं वाजलं, आई ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसली. पण पहिल्यांदाच आम्ही एकाच पानावरून भांडत होतो.

तुम्हालाही जमलं तर वाचा. नेटवर सहज मिळतो. पहिला खंड नाही वाचलात तरी चालेल, दुसऱ्या खंडातलं तुमच्या स्टेशनजवळचं पोलीस ठाणं तेवढं काढा. रोजचा रिक्षा स्टँड, रोजचा वडापाववाला जिथे आहे तोच कोपरा तारखेसकट सापडेल. मग बोलू.